काचेला चिकटलेला चेहरा

हे मी कित्येक वर्षे माझ्या पत्नीपाशीसुद्धा बोललो नव्हतो – आणि या गोष्टीत चेहरा तिचाच आहे. तुमच्यापाशी बोलतो आहे, तर सावकाश बोलू द्या. घाईने सांगितले तर मी पुन्हा काहीतरी झाकून जाईन. झाकणे हाच माझा धंदा आहे.

पालमच्या मुख्य रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, आणि दुपारी संगणकावर फोटो सुधारायला शिकवण्याचा वर्ग. वर्गात पहिल्या दिवशी मी एकच नियम सांगतो: मूळ फोटोला हात लावायचा नाही. आधी प्रत काढायची, मग तिच्यावर हवा तो ब्रश फिरवायचा. हा नियम मी कुठे शिकलो, असे मला कोणी विचारलेले नाही. विचारले असते तर? – बहुधा खोटेच सांगितले असते.

संगणक दुकानात नुकताच आला होता आणि मीही नवशिकाच होतो, तेव्हाची गोष्ट. जवळच्या गावचे किसनराव एक फ्रेम घेऊन आले. त्यांची पत्नी वारली होती. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी तिचा फोटो मोठा करून हवा होता. कडेवर तान्ही मुलगी होती. "एकच हाय, भाऊ," ते म्हणाले. "जपून करा."

ओल लागून फोटो काचेला चिकटला होता. काचेवरूनच त्याचा एक फोटो काढून घेणे, एवढेच करायला हवे होते. मी कोपरा धरला आणि ओढला. सुकलेली साल सुटावी तसा आवाज झाला. कागदावर साडी उरली, खांदे उरले, केस उरले. मध्ये पांढरा, खरबरीत डाग. चेहरा काचेवर राहिला होता.

त्याच दुपारी किसनरावांच्या गावी जाऊन सांगता आले नसते का? आले असते. पण त्या दिवसांत मी एक नवे हत्यार शिकलो होतो – क्लोन स्टॅम्प. एका जागची कातडी उचलून दुसऱ्या जागी उमटवणारे. सरावासाठी काढलेला माझ्या पत्नीचा एक फोटो संगणकात होता, मान साधारण तशीच कललेली. तिचे डोळे घेतले. नाक घेतले, ओठ घेतले, हनवटी घेतली. कडा मऊ ब्रशने मिसळल्या, वर थोडे धूसरपण, थोडी जुनेपणाची पिवळट छटा. आणि – हेही सांगतो – काम झाल्यावर मला अभिमान वाटला.

किसनरावांनी फोटो उजेडाकडे धरला. बराच वेळ पाहिला. "हनवटीला गोंदण व्हतं तिच्या," ते म्हणाले.

"पुसट होते. मोठे करताना उतरले नाही," मी म्हणालो.

"असंल. लय साफ आलाय मग." आणि त्यांनी मला हात जोडले.

जुना फोटो ओलीने गेला, असे मी त्यांना सांगितले. ती काच मात्र फेकली नाही. कागदात गुंडाळून कपाटात ठेवली. काही वर्षांनी आवराआवर करताना ती सहज उलटी केली, समोरच्या बाजूने पाहिले, मागे पांढरा कागद धरला – आणि ती बाई माझ्याकडे पाहत होती. काही टवके उडाले होते, एवढेच. तोपर्यंत मी पुरेसे शिकलो होतो. खरा चेहरा परत मिळवून देणे एका दिवसाचे काम होते. मी काय केले? काच पुन्हा गुंडाळली. फोटो फाटला ती चूक होती. काच गुंडाळली तो अपराध.

यंदा माझ्या वर्गात सुजाता आली – ती कडेवरची मुलगी. एस.टी.ने यायची, पुढच्या संगणकावर बसायची. माझी पत्नी चहा घेऊन आली की सुजाता तिच्याकडे पाहतच राहायची. एकदा म्हणाली, "काकू लय घरच्या वाटतेत मला, का काय की." मी खिडकी लावायला उठलो.

मग एके दुपारी तिने आईचा तोच फोटो, घरून मोबाइलवर काढून आणलेला, सरावाला उघडला. चेहरा मोठा केला. "सर, हे बघा नं. गालावर एकच ठिपका दोन जागी कसा? तुमी शिकवलेला स्टॅम्प मारल्यावानी."

शेजारची मैत्रीण हसली. "सुजे, आईला बी फिल्टर लावलाय का काय!"

"छपाईचा दोष असतो असा," मी म्हणालो. किती सहज म्हणालो!

तिने मान डोलावली. "मला गोंदण काढायचं हाय आईला. कोणता ब्रश घेऊ?"

मी सांगितले. कडक कडेचा, अगदी बारीक, रंग हिरवट काळा, फोटोवरच्या वेगळ्या थरावर, म्हणजे लेअरवर. खोट्या चेहऱ्यावर खरी खूण कशी काढावी, हे मी तिला शिकवत होतो.

"पण जागा कोणती? बाबाला आता आठवंना. म्हणतेत, तिला आठवाया गेलं की हा फोटूच डोळ्यापुढं येतो."

तिच्या पाठीमागे कपाट होते. जगात मला एकट्याला ती जागा माहीत होती.

"डावीकडे. ओठाच्या खाली," माझ्या तोंडून गेले.

तिचा हात थांबला. "तुमाला कसं ठाव?"

"फोटो मीच मोठा केला होता."

"मग तवाच का न्हाई काढलं, सर?"

मी शेजारच्या संगणकाकडे वळलो. तिने गोंदण काढले नाही. संगणक बंद केला आणि लवकर निघून गेली.

त्या संध्याकाळी पत्नीला सारे सांगितले. ती भिंतीकडे पाहत म्हणाली, "म्हणून ती पोर माझ्याकडं तसं बघायली व्हय?" मग चहाचे कप उचलून आत गेली. अजूनही त्या विषयावर बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी मी काच घेऊन किसनरावांच्या घरी गेलो. भिंतीवर मी केलेला तो फोटो होता. ताजी फुले वाहिलेली. मी काच पुसली, मागे कोरा कागद लावला आणि किसनरावांच्या हातात दिली. त्यांचे बोट आपोआप हनवटीवर गेले. डावीकडे. ओठाच्या खाली. सुजाता बापाच्या खांद्यावरून पाहत होती. मग तिने भिंतीकडे पाहिले. मग माझ्याकडे.

बसा, असे कोणी म्हणाले नाही. मी उभा राहूनच बोललो – मोठ्याने, दोघांना नीट ऐकू जाईल असे.

"ही तुमची आई, सुजाता. भिंतीवरचा चेहरा माझ्या पत्नीचा आहे. तो मी लावला. फोटो माझ्या हातून फाटला, मी लपवले. काच माझ्याजवळ होती, तीही लपवली. काल तुम्ही विचारलेत, तेव्हाही खोटे बोललो. किसनराव, तुमच्या आठवणीतली बाई मी पुसली. मी चुकलो."