खाट नको, पाळी द्या

“हात धू. आणि बाहेर थांब.”

एवढंच बोलल्या मॅडम. आवाजही चढवला नाही. लेबर रूममध्ये तीन खाटा, तिन्हींवर बाया कळा देत होत्या, दारात एक सासू उभी. सगळ्यांनी ऐकलं. माझे हात धुतलेलेच होते, वर हातमोजे होते. तरी मी मोजे काढले, बेसिनपाशी गेले, साबण लावून हात धुतले. मग बाहेर जाऊन बाकड्यावर बसले.

आता हे कुणाला सांगायचं तर काय सांगायचं? लेबर रूममध्ये डॉक्टरांनी हात धुवायला सांगितलं. यात अपमान कुठला? सगळेच धुतात. त्या अपमानाची हीच तर सोय होती.

मी तळा तालुक्यातल्या एका गावची. बौद्धवाडीतली. वडील माणगावच्या बाजारात दुसऱ्याचा टेम्पो चालवायचे. मी नर्सिंग केलं, सरकारी नोकरी लागली, प्राथमिक आरोग्य केंद्रात काही वर्षं लसी टोचल्या, जखमा बांधल्या. मग हे प्रशिक्षण निघालं. नर्स प्रॅक्टिशनर, बाळंतपणासाठी. सरळ जाणारं बाळंतपण पहिल्या तपासणीपासून वार पडेपर्यंत नर्सनेच करायचं, स्वतःच्या जबाबदारीवर. अडलं तरच डॉक्टरला हाक. परीक्षा झाली, माझी निवड झाली. आईने वाडीत घरोघर साखर वाटली.

वर्गात पुस्तकी शिक्षण झालं आणि आम्हाला किनाऱ्याकडच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. तिथला नियम साधा होता. जी बाई दाखल होईल ती पाळीने पुढच्या शिकाऊ नर्सची. त्या दिवशी पाळी माझी होती. बाई आली नागावची. घरचा होमस्टे, नारळाची वाडी. खाजगीत सहज गेली असती, पण मॅडम घरच्या ओळखीच्या होत्या म्हणून इथे आणलेली. पहिलटकरीण, घाबरलेली. मी पोट तपासलं, बाळाचे ठोके तिला ऐकवले. ती हसली. माझं मनगट धरून म्हणाली, सिस्टर, तुम्ही जाऊ नका.

सासू जवळ आली. गोड बोलत होती.

“कुठल्या गो तुम्ही?”

“तळ्याकडच्या.”

“तळ्यात कुठं?”

मी गावाचं नाव सांगितलं.

“वाडी कुठली?”

“बौद्धवाडी.”

तिने मान हलवली. पदर सावरला आणि मॅडमच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने मॅडम आल्या, माझ्याकडे न बघता ते वाक्य बोलल्या आणि माझी मैत्रीण स्नेहल शेजारीच उभी होती, तिला म्हणाल्या, ही केस तू घे. स्नेहल माणगावची. माझ्याच बॅचची, हॉस्टेलवर माझीच खोलीसोबती. एका डब्यात जेवायचो आम्ही. तिने मोजे चढवले. खाटेवरची पोर माझ्याकडे बघत राहिली. तिला काहीच कळलं नव्हतं. की कळलं होतं, देव जाणे.

बाळ झालं. पेढे आले. बाकड्यावर मलाही एक मिळाला, कागदात गुंडाळून. मी तो तिथेच ठेवला.

त्यानंतर माझी पाळी मला मिळायचीच बंद झाली. पाळी आली की काहीतरी निघायचं. मागच्या खोलीत रक्ताच्या चादरी पडल्यात, बघ. हत्यारं धुवायचीत, तू नीट करतेस. मावशी रजेवर आहे, तेवढं घे. बाकीच्या मुली बाळंतपणं करत होत्या आणि मी बादलीत चादरी भिजवत होते. आमच्या ट्यूटर बाई शिकवायला चांगल्या. त्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, कोर्स पुरा होऊ दे, मग बोल. आता बोललीस तर मार्क मॅडमच्याच हातात आहेत.

मी गप्प राहिले. मला वाटायचं, माझंच कुठेतरी कमी पडतं. रात्री पुस्तक उघडून बसायचे. जे पाठ होतं तेच परत पाठ करायचे.

एकदा त्या मागच्या खोलीत चादर पिळता पिळता मला आईची आई आठवली. ती गावाची सुईण होती. वरच्या आळीत बाई अडली की आजीला बोलावणं यायचं. पुढच्या दाराने कधीच नाही. परसातून आत जायचं, पोर मोकळी करायची, नाळ कापायची, घाण आवरायची, परसातूनच बाहेर. पाणी मागितलं तर ओंजळीत वरून. तिने ज्यांची नाळ कापली त्यातला एक पुढे सरपंच झाला. त्याच्या घरात ती कधी बसली नाही.

मी पिळ्यासकट तशीच उभी राहिले. बाळंतपण म्हणजे विटाळ होता तेव्हा ते काम आमच्या बायांचं होतं. ते दुसऱ्या कुणालाच नको होतं. आता त्या कामाला परीक्षा आली, प्रमाणपत्र आलं, पगार आला, तर आमचा हात चालत नाही. विटाळ तेवढा राहिला आमच्याकडे, बादलीत. माझं काहीच कमी पडत नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला राग आला. लाज नाही, राग. अंग हलकं झालं माझं.

पुढच्याच आठवड्यात सोनी आली. कातकरी पोर, वीटभट्टीवरची. आशाताईंनी रिक्षात घालून आणलेली. पायांना लाल माती, अंगावरची साडी भिजलेली. तिला घ्यायला कुणी पुढे होईना. पाळी स्नेहलची होती. मॅडमनी मागच्या खोलीकडे तोंड करून मला हाक मारली. म्हणाल्या, “हिला तू घे. तुमच्यातलीच आहे.”

आमच्यातली नव्हती ती. मॅडमना त्यातला फरक माहीत असायचं कारणच नव्हतं.

पण बाईला कसं नाही म्हणायचं? तिचा काय दोष? मी तिचे पाय पुसले, नाव विचारलं, पाणी पाजलं. ती ओरडली नाही. दात आवळून माझ्या खांद्यात नखं रुतवली तिने. संध्याकाळी मुलगी झाली. माझ्या हातावरचं त्या रुग्णालयातलं पहिलं बाळंतपण. इतके दिवस ज्याची वाट बघितली ते मला मिळालं, आणि ते असं मिळालं. मुलीला तिच्या छातीवर ठेवलं. सोनीने मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “बाय, तू ऱ्हातेस ना इथं?” म्हणाली. मी हो म्हटलं.

सकाळी राउंडला सगळ्या शिकाऊ नर्स, ट्यूटर बाई, वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर, सगळे होते. मॅडम खुशीत होत्या. इन्चार्ज सिस्टरना म्हणाल्या, भट्टीवरच्या, आदिवासी वाड्यांवरच्या बाया येतील त्या आता तिसऱ्या खाटेवर घ्या. तिसरी खाट हिची. छान जमतं हिला. सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या. कौतुकच वाटत होतं ते ऐकताना.

मी म्हणाले, “मॅडम, मला खाट नको. पाळी द्या.”

“म्हणजे?”

“जी बाई पाळीने येईल ती माझी. नागावची आली तर नागावची, भट्टीवरची आली तर भट्टीवरची. वेगळी खाट मी घेणार नाही.”

मॅडमचा चेहरा उतरला नाही. थंड झाला. “इथे जात आणू नकोस.”

“मी नाही आणली. तुम्ही मला बाहेर बसवलंत त्या दिवशी ती इथेच होती.”

“मग जा मागे चादरी धुवायला.”

“तिथेही पाळीनेच जाईन.”

कुणीतरी एकीने तरी बोलावं म्हणून मी आजूबाजूला बघितलं. ट्यूटर बाई भिंतीवरच्या फळ्याकडे बघत होत्या. फळा कोरा होता.

मला वॉर्डात यायला बंदी झाली. मग प्रशिक्षणातूनच परत पाठवलं. कारण दिलं, बेशिस्त. मी जिल्ह्याला तक्रार केली, तेव्हा चौकशी बसली. मॅडम म्हणाल्या, मी फक्त हात धुवायला सांगितलं होतं, स्वच्छता शिकवणं गुन्हा आहे का? स्नेहलला विचारलं. ती त्या दिवशी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. “मला नीट ऐकू आलं नाही,” म्हणाली. खाली बघून. बाहेर आल्यावर माझ्याजवळ येऊन रडली. मी तिला पाणी दिलं नाही, रुमालही दिला नाही. तिला मी माफ केलेलं नाही.

घरी आई म्हणाली, “गप ऱ्हायली असतीस तर कोर्स झाला असता. आता काय हाय हातात?” मी परत आरोग्य केंद्रात लसी टोचते. माझ्या बॅचच्या मुलींना प्रमाणपत्रं मिळाली.

गेल्या महिन्यात चौकशीच्या साहेबांनी बोलावलं. माणूस वाईट नाही. चहा मागवला. म्हणाले, मॅडमवर काही सिद्ध होत नाही, पण तुमचं नुकसान नको. पुढच्या बॅचला तुम्हाला घेतो. हॉस्पिटल मात्र दुसऱ्या जिल्ह्यातलं देतो. तुम्हालाही त्रास नको, त्यांनाही नको. बदली समजा.

मी चहा पूर्ण प्यायले. मग सांगितलं, मला तेच हॉस्पिटल पाहिजे.

ते म्हणाले, त्याच मॅडमच्या हाताखाली शिकावं लागेल. विचार करा.

विचार केला आहे. त्या वॉर्डात सोनीसारख्या बाया येत राहणार, आणि तिसरी खाट अजून तिथेच आहे. मी निघून गेले तर ती खाट कायमची होईल. साहेबांच्या कचेरीत मी दर सोमवारी जाऊन बसते. ऑर्डर त्याच वॉर्डाची निघेपर्यंत बसणार. मी बदली घेणार नाही. ज्यांना माझ्याबरोबर काम करायचं नाही, बदली त्यांनी मागावी.