लिंबूटिंबूचा डाव

शुक्रवार, २९ ऑक्टोबर १९९३. दिवाळी जवळ आली होती आणि मी चकलीची भाजणी भाजत होते. तांदूळ झाले, हरभऱ्याची डाळ झाली, उडदाची डाळ कढईत होती. डाळ भाजताना हात थांबवता येत नाही, डोकं मात्र मोकळं असतं. त्या मोकळ्या डोक्यात सारखा एकच आवाज येत होता, "होल्ड करा."

हे आमच्या टेलिफोन ऑपरेटरचं वाक्य. तळोज्याला आमची रसायनांची कंपनी होती. मी खरेदी विभागात आणि ती दाराजवळच्या काचेच्या खोलीत, बोर्डावर. तिला सगळे 'ऑपरेटर'च म्हणत, म्हणून मीही इथे तेच म्हणते. तिला आवाज दोन होते. फोनवरचा असा की मुंबईच्या पुरवठादाराला वाटावं, कुणी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली बाई बोलते आहे. फोन ठेवला की दुसरा, उरणच्या कोळीवाड्यातला. "काय गो ताई, आज पन भोपलाच हाय काय?" मात्र "होल्ड करा" दोन्ही आवाजांत सारखंच. चहा आणणाऱ्यालाही ती तेच सांगे आणि बस सुटायच्या वेळी ड्रायव्हरलाही.

ती राग धरायची. नुसता धरायची नाही, लोणच्यासारखा मुरवायची. स्टोअरकीपरने एकदा तिच्या बोंबलाच्या डब्याकडे बघून नाकाला रुमाल लावला. त्यानंतर कित्येक दिवस त्याला ठाण्याची लाइन मिळाली नाही. "बिझी हाय," ती शांतपणे सांगायची. मग एका दुपारी तिने आपणहून त्याला चहा पाठवला, लाइन जोडून दिली आणि मला म्हणाली, "झालं. फिटलं." तिच्याकडे माफी नव्हती, फिटणं होतं. तुमच्या ऑफिसात किंवा शेजारात असं कुणी असेलच. माझं विचाराल तर अशा माणसाशी वागणं सोपं. आपण त्याच्या लेखी कुठे उभे आहोत ते आपल्याला पक्कं ठाऊक असतं.

कंपनीत संगणक आला तेव्हा त्याच्यासाठी वेगळी थंड खोली केली गेली. चपला बाहेर काढून आत जायचं. माणसं घामाघूम आणि यंत्र गारव्यात, याचं आम्हाला तेव्हा काही वाटत नसे. दुरुस्तीसाठी मुंबईहून येणाऱ्या इंजिनियरने एका फ्लॉपीवरून त्यात एक खेळ घालून दिला. पडद्यावर समुद्र, त्यात बेटं आणि चार रंगांच्या नावा. चौघांनी आळीपाळीने खुर्चीत बसायचं, आपली चाल करायची आणि उठायचं. शेजारच्या बेटावर समोरच्यापेक्षा जास्त नावा पाठवल्या की बहुधा ते बेट आपलं. जेवणाच्या सुट्टीत एक डाव आरामात संपायचा.

खेळ एवढासा, पण त्याच्यावर मतं भरपूर. लॅबमधला केमिस्ट म्हणायचा, "सगळं नशीब आहे. बुद्धिबळात पत्ते कालवलेत." स्टोअरकीपरचं म्हणणं, पहिली चाल ज्याची तोच जिंकतो. म्हणून तो डबा अर्धा टाकून धावत यायचा. अकाउंट्सचे साहेब लाल रंग घ्यायचे, तो कायमचा त्यांचाच. "हा खेळ नाही, मॅनेजमेंट आहे," ते सांगायचे. "विस्तार कसा करावा, हे यातून शिका." साहेब नेहमी जिंकायचे, कारण लाल बेटावर हल्ला करायच्या वेळी समोरच्याला आपला रजेचा अर्ज आठवायचा. मी बहुधा डबा घेऊन बाजूला बसायचे. माझ्या मते खेळ बरा होता, पण त्यात हार मानायची सोय नव्हती. शेवटची नाव बुडेपर्यंत सुटका नाही. शिवाय तळोज्याला लाइट सारखी जायची, म्हणून की काय, तो खेळ प्रत्येक चालीनंतर डाव साठवून ठेवी. अर्धा राहिलेला डाव संपल्याशिवाय नवा सुरूच होत नसे.

एक दिवस ऑपरेटर चपला काढून दारात उभी राहिली. "आमी पन खेलू काय?"

"या, या," साहेब म्हणाले. "लिंबूटिंबू म्हणून खेळा."

सगळे हसले. लहानपणी आपण धाकट्या भावंडांना खेळात असंच घेतलं आहे. ते पळतं, ओरडतं, पण बाद झालं तरी धरायचं नाही आणि त्याच्यावर राज्य कधी द्यायचं नाही. आपण खेळात आहोत असं त्याला वाटलं की झालं. तिशी उलटलेल्या, घर चालवणाऱ्या बाईला हे चारचौघांत म्हणायचं. मलाही साहेब एकदा म्हणाले होते, "बाई, तुमचं निम्मं लक्ष घरच्या गॅसवर असतं." तेही मी विसरलेले नव्हते.

"चालेल साहेब," ऑपरेटर म्हणाली. फोनवरच्या आवाजात. समोरच्या माणसाशी तिला त्या आवाजात बोलताना मी प्रथमच ऐकलं.

तिला त्या खोलीत यायचं होतं ते केवळ खेळायला नाही. आपोआप चालणारा नवा बोर्ड यायचा होता आणि काचेची खोली जाणार होती. संगणकावर माहिती भरायला एक जागा निघणार होती, आणि ती कुणाला द्यायची ते साहेबांच्या हातात होतं. ती मिळाली तर ठीक, नाहीतर ऑपरेटरला फाटकाशी स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहायची होती. उरणला आई आणि शिकणारा भाऊ, दोघंही तिच्या जिवावर. टायपिंगची परीक्षा तिने कधीच पास केली होती.

रोज दुपारी ती लिंबूटिंबू म्हणून खेळू लागली. पिवळा रंग, समुद्राचा एक कोपरा. तिच्यावर कुणी हल्ला करत नसे. लिंबूटिंबूला हरवून काय मिळणार? ती कधी केमिस्टचं एखादं बेट उचलायची, कधी स्टोअरकीपरचं, पण लाल बेटाला तिने बोट लावलं नाही. साहेब खूश. "बघा, बाईंना वरिष्ठांचा मान राखणं कळतं."

पनवेलला परतताना बसमध्ये मी तिला म्हटलं, "जागेचं ठरेपर्यंत अशीच खेळ. जिंकू दे त्यांना."

ती खारे शेंगदाणे खात होती. "ताई, डोलीचं जालं बगितलंव काय तुमी? खुंटाला बांदायचं आनि गप बसायचं. पानी फिरलं की म्हावरा आपसूक येतं. वल्हं मारनारा फुकट दमतो."

ती जागेबद्दल बोलते आहे असं मी धरून चालले.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. त्या वर्षी संगणकालाही झेंडूचा हार घातला, पडद्याच्या वरच्या कडेला कुंकू लावलं. काम बंद, घरची माणसं आलेली. वर्क्स मॅनेजर आणि त्यांची बायको होती. साहेबांची बायकोही आली होती आणि बरोबर साहेबांच्या मेव्हण्याची मुलगी. साहेबांनी तिला संगणकापुढच्या खुर्चीत बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "एक तारखेपासून ही इथेच बसणार. ओळख करून घ्या."

ऑपरेटर पेढ्यांचं ताट घेऊन उभी होती. तिने त्या मुलीला पहिला पेढा दिला. मग फोनवरच्या आवाजात म्हणाली, "साहेब, पाहुणे आलेत. एक डाव होऊ दे."

साहेबांना प्रेक्षक हवेच होते. त्यांनी भराभर केमिस्टला संपवलं, मग स्टोअरकीपरला. लाल रंग सगळ्या समुद्रावर पसरला, पण पसरताना पातळ झाला. एका बेटावर एक नाव, दुसऱ्यावर दोन. पिवळ्या कोपऱ्यात मात्र नावांची दाटी. तिकडे नीट बघायची कुणाला सवयच नव्हती.

मग पाणी फिरलं. ती एकेक बेट घेत निघाली. चाल झाली की उठायची, पदराने खुर्ची पुसायची आणि म्हणायची, "बसा साहेब." साहेब आधी म्हणाले, "नशीब." मग म्हणाले, "यंत्रात काहीतरी बिघाड आहे." मग घड्याळ बघू लागले. वर्क्स मॅनेजर खुर्ची ओढून जवळ येऊन बसले होते. शेवटी साहेबांचं एक बेट उरलं, त्यावर एक नाव. एकट्या नावेला हल्ला करता येत नसे, नुसतं उभं राहता येई. चारी बाजूंनी पिवळं.

ऑपरेटर खुर्चीत बसली. सगळे पडद्याकडे बघत होते. तिने चाल न करता सोडून दिली.

"घ्या ना बेट," केमिस्ट म्हणाला. "संपला डाव."

"नको. ऱ्हाऊ दे," ती कोळीवाड्याच्या आवाजात म्हणाली. "लिंबूटिंबूला कोन बाद करतं? खेला साहेब. तुमी आपले खेला."

वर्क्स मॅनेजरांच्या बायकोला हसू फुटलं, तिच्या मागून त्यांना, आणि मग सगळ्या खोलीला. मेव्हण्याची मुलगीही हसली. मी हसले का? पोट दुखेपर्यंत.

पुढचा आठवडा तो डाव यंत्रात तसाच होता. ऑपरेटर रोज दुपारी यायची, आपली चाल सोडायची आणि जायची. साहेब खोलीत फिरकत नसत, त्यांच्या वतीने केमिस्ट चाल सोडायचा. नवा डाव कुणालाच खेळता येईना, पण तक्रार कुणी केली नाही. प्लॅन्टमधली माणसं पाळी संपवून जाताना दारातून डोकावून तेवढं एक लाल बेट बघून जात. ज्याची चाल त्याने सोपवल्याशिवाय ती दुसऱ्याने करायची नाही, हा तिथला अलिखित नियम होता. साहेबांना तो गुपचूप मोडता आला असता, पण मग साऱ्या कंपनीला कळलं असतं की साहेबांनी स्वतःच स्वतःला बुडवलं.

तिला फाटकावर बसायचा हुकूम मिळाला. तिने तो वाचला, घडी केली आणि राजीनामा दिला. ज्या संध्याकाळी मी भाजणी भाजत होते, तो तिचा शेवटचा दिवस.

त्या दिवशी बसमध्ये मी तिला म्हटलं, "तो डाव खेळली नसतीस तर कदाचित वर्क्स मॅनेजरांकडे शब्द टाकता आला असता."

"ताई, जागा तर श्रावनातच गेलती," ती म्हणाली. "साहेबांनी मेव्हन्याला फोनवर सांगितलं. लाइन मीच जोडून दिली ना."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"बोर्डावर ऐकलेलं बोर्डावर ऱ्हातं. आता बोर्डच नाय, म्हनून सांगते."

साहेबांचं ते बोलणं तिने नुसतं माझ्या कानात घातलं असतं तरी कंपनीभर झालं असतं. सूड घ्यायचा तो तिने उघड्यावर घेतला, पण बोर्डाचा नियम मोडला नाही. बोंबलाच्या डब्यासाठी ठाण्याची लाइन अडवणारी हीच बाई. माणूस असं सरळ रेषेत नसतं, आणि मला ते बरं वाटतं.

पनवेल स्टँडवर उरणची गाडी लागलेली होती. तिने पिशवी खांद्याला लावली. "माजी चाल बाकी हाय, ताई. तुमी करा."

"संपवू का?"

"तुमची मर्जी. मी दिली तुमाला."

ती गाडीत चढली आणि पलीकडच्या बाजूची खिडकी धरून बसली. नंतर ती मला कधी दिसली नाही. न्हावा बंदराच्या कुठल्याशा ऑफिसात लागली असं कुणीतरी म्हणालं. खरं-खोटं माहीत नाही.

डाळ खमंग झाली. मी गॅस बंद केला, भाजणी परातीत गार करायला पसरली आणि झोपले.

सकाळी पहिल्या बसने गेले. संगणकावरचा हार वाळून काळा पडला होता, तो आधी काढून टाकला. खेळ सुरू केला. पिवळ्याची चाल होती. तेवढ्यात साहेब आले आणि त्यांनी दार आतून लोटून घेतलं. बूट बाहेर काढलेले, एका मोज्यातून अंगठा वर आला होता. तो अंगठा बघून मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "ती गेली ना आता. ते एकदाचं संपवून टाका. माझी विनंती समजा."

एक नाव पुढे सरकवली असती तर संपलं असतं. मी चाल सोडून दिली आणि उठले.

"तुमची चाल, साहेब," मी म्हटलं, आणि खाली जाऊन पिंपांचे भाव टाइप करायला घेतले.