झाकणवाल्यांचं मनगट

सकाळी साडेसातला त्या घरात तीन गोष्टी एकदम चालत: चहाला उकळी, बायकोची हरवलेल्या मोज्यासाठी शोधाशोध आणि आरशासमोर झाकणवाल्यांची दाढी. बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना झाकणवालेच म्हणत. प्लास्टिकच्या डब्यांच्या झाकणांचे साचे करण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती, आणि त्यांच्या झाकणातून थेंब गळाला असं म्हणणारा अजून भेटायचा होता.

दारावर टकटक झाली. त्यांनी अर्ध्या गालावरचा साबण तसाच ठेवला आणि आधी हात कोरडे केले. ही टकटक ओळखीची होती. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या मावशी दर दोन दिवसांनी साखरेचा नाहीतर पिठाचा डबा घेऊन येत, आणि झाकणवाले एका हिसक्यात तो उघडून देत. वर म्हणत, "बघा, कसं घट्ट बसतं." अकरा वर्षं चाललेला मान होता तो.

आज मावशींच्या हातात पिशवी होती. आत झाकणवाल्यांच्याच कारखान्याचे चार डबे, घासूनपुसून लख्ख केलेले.

"हे ठेवून घ्या भाऊ. फेकायला जिवावर आलं."

"का? फुटले?"

"तुमचे डबे कसले फुटतायत. माझ्या मागेही राहतील. लेकीनं दुसरे आणलेत. ते माझ्या या बोटांनी उघडतात." मावशींनी हात पुढे केला. सांधे आल्याच्या गाठींसारखे सुजलेले.

दुसरे म्हणजे कुठले, हे विचारायची गरज नव्हती. तेच डबे गेल्या महिन्यात मोठ्या दुकानांच्या फळ्यांवर यांच्या जागी येऊन बसले होते. यांच्यापेक्षा महाग, तरी लोक तेच उचलत होते. शुक्रवारी त्या दुकानांचा खरेदीवाला शेवटचा नमुना बघायला येणार होता. नमुना पसंत पडला नाही तर मालक यंत्रं विकणार, आणि अकरा माणसं घरी बसणार. आज बुधवार. झाकणवाल्यांनी नमुना तयार केला होता. झाकणाच्या आत आट्यांचा एक वेढा वाढवला होता, म्हणजे आणखी घट्ट.

त्यांनी तो बॅगेतून काढून मावशींपुढे धरला. "हे बघा बरं उघडून."

मावशींनी डबा काखेत धरून पाहिला, मग गुडघ्यांत. त्यांना धाप लागली. झाकण जागचं हललं नाही. झाकणवाल्यांचा हात आपोआप पुढे गेला. "आणा इकडे."

मावशींनी डबा दिला नाही. "रागावू नका भाऊ. मी माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. तुम्ही माप कुणाचं घेता?"

"डब्याच्या तोंडाचं. केसाइतका फरक निघणार नाही."

"डबा काय स्वतःचं झाकण स्वतः काढतो?"

आतून बायकोला हसू फुटलं आणि तिनं ते लगेच गिळलं. डबा तसाच बंद ठेवून मावशी गेल्यावर झाकणवाले स्वयंपाकघरात आले.

"तू उघडतेस ना पण? दुपारी मी नसतो तेव्हा?"

तिनं नुसतं दाराकडे बोट केलं. चौकटीवर कमरेच्या उंचीला चंद्रकोरीसारखे ओरखडे होते, एकावर एक. ते त्यांनी किती वर्षं पाहिले होते, आणि सुताराला नावं ठेवली होती.

"फटीत झाकण अडकवायचं आणि डबा फिरवायचा. सगळ्या बायका तेच करतात."

"कधी बोलली नाहीस."

"उघडून देताना तुम्ही इतके खूश असायचात," ती म्हणाली. "म्हटलं, असू दे. ओरखडेच तर आहेत."

चहा तसाच राहिला. एका गालाची दाढीही.

कारखान्यात मालक त्या दुसऱ्यांचं झाकण हातात फिरवत बसले होते. कडेला दोन पसरट कान, अर्ध्या फेऱ्यात मोकळं. "आपल्या डब्यातून थेंब बाहेर येत नाही," मालक म्हणाले, "आणि माणसाचा हात आत जात नाही. खरेदीवाला तोंडावर बोलला."

"हेच कान आपण लावू."

"परवापर्यंत? साचा कापायलाच आठवडा जातो. आणि नक्कल दाखवली तर तो म्हणेल, मग अस्सलच घेतो की."

झाकणवाले आपल्या बाकावर जाऊन बसले. मावशींनी परत केलेल्यातला एक डबा बॅगेतून काढला. हाताला साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं, डाव्या हातानं पाहिलं. दर वेळी झाकण निघालं. अवघड म्हणजे काय, हे त्यांच्या मनगटाला कुणी शिकवलंच नव्हतं. जेवणाची सुट्टी झाली, कुणी हाक मारली नाही. समोर अकरा हजेरीपत्रकं खिळ्याला टांगलेली होती. त्यांवरच्या प्रत्येक माणसाला त्यांनी कधी ना कधी ऐकवलं होतं, काम असं करा की सुटता कामा नये. दुपार कलली तेव्हा त्यांच्यापुढे नव्या झाकणाचा नमुना हातानं घडवायला लाकडाचा एक गोल ठोकळा आणि कानस होती, आणि कुठून घासायला सुरुवात करायची हे त्यांना कळत नव्हतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच.

ऊन असतानाच ते घरी परतले, पण आपल्या दाराशी थांबले नाहीत. शेजारचं दार वाजवलं. मावशींनी गळ्यातल्या टेपसकट दार उघडलं आणि त्यांच्या अर्ध्या दाढीकडे बघत राहिल्या.

झाकणवाल्यांच्या हातात सकाळचा धुतलेला डबा होता.

"मावशी, एक काम होतं. हा डबा तुम्ही उघडायला बघा, आणि मला समोर बसून तुमचे हात बघू द्या. मी मधे हात घालणार नाही."