टेपचं दुसरं टोक

मी दर रविवारी धायरीहून स्कूटरवर एका जुन्या रेल्वे स्टेशनात जायचो आणि इमारतीची मापं घ्यायचो. छपराची लाकडी झालर, दगडी कमानी, हातांनी झिजलेली तिकीटखिडकी, सगळं नकाशात उतरवलं. इमारतीची देखभाल बघणारे साहेब स्वतः टेपचं दुसरं टोक धरायचे. "तुम्ही बारकाईनं काढा, म्हणजे ही वास्तू टिकेल," म्हणायचे. मी मूर्ख, खिळेसुद्धा सोडले नाहीत.

दिवाळीनंतर गेलो, तर तिथे पत्र्याचं कुंपण आणि आत सपाट जमीन. मी तिथूनच साहेबांना फोन लावला.

"अहो, पूर्ण नोंद झाल्याशिवाय पाडायला परवानगी मिळत नव्हती. तुमच्या नकाशांनी काम झालं," ते समाधानानं म्हणाले. "पुढच्या रविवारी मोकळे आहात ना? पलीकडचं स्टेशनही जुनंच आहे."