खाडीवर तपासलेला फॉलोस्पॉट

अन्याय माझ्या वहिनीवर झाला. शिमग्याची पालखी देवळात परतली, त्यानंतरच्या शनिवारी, आमच्या कोळीवाड्याच्या नाटकात, पडदा उघडल्यापासून शेवटी पडेपर्यंत झाला. सगळा गाव समोर बसला होता. त्यातलं कुणीही आजपर्यंत याला अन्याय म्हटलेलं नाही, म्हणून तो शब्द मी आधी लिहून टाकते.

आमच्या नाटकाची नायिका बाहेरून यायची. वाडीतल्या सुनेनं तोंडाला रंग लावायचा नाही, असा कुठे नियम नव्हता, पण तो पाळला जायचा. यंदा वहिनी उभी राहिली. ती सकाळी बंदरावर मासळी घेते आणि दिवेआगरला पाहुणे उतरतात त्या घरांतून विकते. टोपली डोक्यावर, संवाद तोंडात. एका बाईनं पापलेटचा भाव विचारला तर दुसऱ्या अंकातलं वाक्य ऐकवून आली. बाई घाबरली, पण वहिनीनं भाव पाडला नाही.

वहिनीचं नक्की झाल्यावर कमिटीला फॉलोस्पॉट हवासा झाला. म्हणजे नटाच्या मागोमाग फिरवायचा दिवा. आमच्या कमिटीचे प्रमुख तांडेलकाका. उभा जन्म बोटीवर काढलेला माणूस. ते म्हणाले, "तिचं तोंड दिसाय पायजे. न्हायतर लोक म्हनतील, पोरग्यालाच लुगडं नेसवलंय."

स्वस्तातला दिवा शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण दुकानदारांशी फोनवर हुज्जत घालायला मी बरी. चार दुकानं पालथी घातल्यावर एक एलईडीचा सापडला. नवा, आमच्या वर्गणीत बसणारा. उजेड कमी-जास्त करता येतो, वर्तुळ लहान-मोठं करता येतं, घरातल्या साध्या प्लगवर चालतो. दुकानदारानं मला एकच प्रश्न विचारला होता: दिव्यापासून नटापर्यंत अंतर किती? मी मैदान पायांनी मोजून सांगितलं. तो म्हणाला, मग एवढा पुरे, मोठा घेतलात तर नट आंधळा होईल. मला वाटलं, बोलायची पद्धत आहे.

दाखवायला आणला, तर कमिटीनं तो हातातसुद्धा घेतला नाही. "ही काय बॅटरी हाय?" एवढंच.

माणगावच्या एका मंडपवाल्याकडे जुना फॉलोस्पॉट पडून होता. लांब नळकांडं, आतल्या दिव्यात तार नाही, वायू पेटतो आणि पांढराफटक उजेड पडतो. माझ्यावाल्याच्या निम्म्या किमतीत. तो तपासायला कमिटीनं कुठे न्यावा? दिघीच्या धक्क्यावर. जनरेटर लावला आणि झोत खाडीत टाकला. नांगरलेल्या होड्या एकेक करून पांढऱ्या होत गेल्या. प्रत्येक होडीला कमिटीच्या माना डोलत होत्या.

"अजून लांब घे," काका म्हणाले.

"काका, वहिनी खाडीपलीकडे आगरदांड्याला उभी राहणार आहे का?" मी विचारलं.

सगळे हसले, आणि दिवा घेतला. बोटीवरचा दिवा असाच निवडतात. लांब जातो तो चांगला. आमच्यात दुसरी परीक्षाच नाही.

टेम्पोत येताना दिव्याच्या तोंडावरची जाड काच तडकली. मी म्हटलं, मंडपवाल्याकडून दुसरी मागवू. काका म्हणाले, "काढून टाक. होडीवर कवा काच ठिवतो का आपन? खाऱ्या वाऱ्यानं पांढरी पडते नि उजेड खाते." काच काढली. उजेड खरंच वाढला. काकांनी माझ्याकडे पाहिलं.

नाटक रंगलं. दिवा वहिनीवरून हललाच नाही. ती रडली तेव्हा मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या रडल्या. एक म्हणाली, "आमच्यातलीच हाय गो ती." मला इतका अभिमान वाटला की मी उभी राहून टाळ्या वाजवल्या.

पहाटे भावानं मला उठवलं. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, डोळ्यांवर ओला पदर. "रेती भरलीय आत," म्हणत होती. डोळे उघडता येईनात, पाणी थांबेना. आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. शेजारीण दारातून म्हणाली, "एवढ्या लोकांची नजर पडल्यावर काय व्हनार."

माणगावच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब टाकले, तपासलं आणि विचारलं, "वेल्डिंगचं काम करता?"

"मासळी विकते," वहिनी म्हणाली.

मी दिव्याचं सांगितलं. काचेचं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, अशा दिव्यातून वेल्डिंगसारखे किरण निघतात, ते काच अडवते. काच नसेल तर डोळ्याची वरची साल भाजते आणि ते काही तासांनी कळतं. दोन-तीन दिवसांत भरून येईल, पण तो दिवा पुन्हा तसा लावू नका. म्हणजे आम्ही आमच्या नायिकेला सगळं नाटकभर वेल्डिंगसमोर उभं केलं होतं, आणि टाळ्या वाजवल्या होत्या.

परत आल्यावर थेट काकांकडे गेले. सगळं सांगितलं.

"दिवा फिरवनाऱ्याला काय झालं का?" काका म्हणाले.

"तो दिव्याच्या मागे होता."

"नायकाला?"

"डोळे लाल आहेत त्याचे."

"ते जागरन." मग समजुतीच्या सुरात, "बाय, पुढल्या साली नायिका भायरूनच आनू. घरच्या सुनेला सोसत न्हाय. आपल्यालाच वाईट वाटतं."

दिवा कुठे आहे, विचारलं. शेजारच्या गावाला भाड्यानं दिलेला. टेम्पो गेलासुद्धा. मी त्या गावात फोन केला. त्यांचा माणूस म्हणाला, "आमची बाई मुंबईची हाय, तिला सवय असंल." कशाची सवय? हे मी विचारेपर्यंत फोन ठेवला होता.

घरी वहिनीला सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांवर बांधलेली पट्टी तशीच. ती म्हणाली, "डोळं बरं व्हतील. पन काम गेलं ना माझं?" दिवा नाटकात राहिला, वहिनी बाहेर.

तुमच्या गावातही मंडप पडेल, वर्गणीवाले दारात येतील. पैसे देण्याआधी मंडपात चला म्हणा. दिवा बंद असताना त्याच्या तोंडासमोर जाऊन काच आहे का, बघा. नसेल तर वर्गणी देऊ नका आणि दिवा लावू देऊ नका. आणि तुम्ही आमच्या वाडीचे असाल, शनिवारी तिथे बसून रडला असाल, तर तांडेलकाकांच्या दारात जा आणि सांगा, नायिका बदलायची नाही, दिवा बदला.