छत्तिसाव्या वर्षी पुन्हा नर्सिंगच्या वर्गात

माहूरची रेणुकामाता आमची कुलस्वामिनी. पण त्या तीन महिन्यांत मी तिची भक्त आहे असं म्हणायची मला लाज वाटायची, कारण रोज सकाळी दिवा लावताना मी तिच्यावर चिडलेली असायचे. हात जोडलेले आणि मनात भांडण, अशी माझी पूजा चालली होती.

आम्ही मूळचे पुसदकडचे. लग्नानंतर पुण्यात आलो. यजमान कंपनीत, मी वारज्यातल्या एका छोट्या हॉस्पिटलात एएनएम. एएनएम म्हणजे कमी मुदतीचा कोर्स केलेली नर्स. इंजेक्शन देते, ड्रेसिंग करते, बाळंतपणाला उभी राहते, पण कागदावर ती अर्धीच. पूर्ण नर्स म्हणून नोंदणी हवी तर जीएनएमची तीन वर्षं करावी लागतात. बारा वर्षं माझं त्यावाचून काही अडलं नाही. मग हॉस्पिटलचे मालक बदलले. नव्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सभ्यपणे सांगितलं, "सिस्टर, तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण पुढं आम्हाला जीएनएमच लागतील. तीन महिने आहेत तुमच्याकडं."

त्या दिवसापासून डोक्यात सतत तोच हिशेब चालू राहिला. मुलगी दहावीला होती. एकट्याच्या पगारात पुण्यात घर चालत नाही, हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. खाजगी कॉलेजांची फी विचारली आणि दुसऱ्यांदा विचारायचं धाडस झालं नाही. शिवाय प्रवेशाला पस्तीस वर्षांची अट आहे असं बरोबरच्या सगळ्याच सिस्टर म्हणायच्या, आणि मला छत्तिसावं लागलं होतं. कामावरही मन थाऱ्यावर नसायचं. एकदा एका पेशंटची गोळी दुसऱ्याच्या ट्रेमध्ये ठेवली. वेळेत लक्षात आलं, पण नंतर दिवसभर मी प्रत्येक ट्रे दोन-दोनदा तपासत राहिले.

अशात एका मैत्रिणीनं एजंट गाठून दिला. तो म्हणाला, "वर्गाला यायची गरजच नाही मॅडम. नोकरी चालू ठेवा, परीक्षेपुरत्या या. वयाचं मी बघतो." पैसेही जमण्यासारखे सांगितले. घरी यजमान एवढंच म्हणाले, "वर्गात न बसता कुणी नर्स होतं का गं?" मी त्यांच्यावर ओरडले. खरं तर तोच प्रश्न मलाही खात होता, पण मला तो ऐकायचा नव्हता. मी माझ्या सोन्याच्या दोन बांगड्या मोडल्या आणि देवीपुढं हात जोडून म्हटलं, एवढं काम होऊ दे, आड येऊ नकोस.

एजंटाला दुपारी तीनला भेटायचं ठरलं होतं. माझी सकाळची ड्यूटी दोनला संपायची. दोन वाजले, सव्वादोन झाले, पण पुढच्या ड्यूटीची सिस्टर आलीच नाही. तिच्या मुलाला ताप होता. इन्चार्ज म्हणाली, "आजच्या दिवस थांबा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढंच मागितलं होतं, तेवढंही तुझ्यानं झालं नाही, असं मी देवीला मनात म्हटलं आणि रागारागात ट्रे उचलला.

कोपऱ्यातल्या खाटेवर सत्तरीच्या एक बाई त्याच दुपारी दाखल झाल्या होत्या. सलाइन लावायचं होतं, पण शीर सापडत नव्हती. दोघी सिस्टरांचं दोन-दोनदा टोचून झालं होतं. मी त्यांचा हात गरम पाण्याच्या फडक्यानं शेकला, थांबले, आणि पहिल्याच वेळी शीर मिळाली. बाई माझ्याकडं बघत होत्या.

"हात चांगला आहे. मग तोंड का असं? मी अजून गेलेली नाही."

मला हसूही आलं आणि रडूही. त्या चाळीस वर्षं नर्सिंगच्या शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारत नेलं आणि मी सगळं सांगून टाकलं, अगदी एजंटासकट. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"वर्गात न जाता मिळालेलं सर्टिफिकेट भिंतीला शोभतं, पेशंटला नाही," त्या म्हणाल्या. "तुमची एएनएमची नोंदणी चालू आहे का?"

"हो, मागच्या वर्षीच नूतनीकरण केलंय."

"मग पस्तिशीची अट तुम्हाला नाहीच. नोंदणी असलेल्या एएनएमला त्यातून सूट आहे. सरकारी शाळेत फॉर्म भरा. फी तुम्हाला झेपेल अशी असते, वर विद्यावेतनही मिळतं. हे कुणी सांगितलं नाही तुम्हाला? आणि तुम्ही विचारलंही नाहीत. परवा कागद तपासायचा शेवटचा दिवस आहे. लिहून घ्या."

मी औषधाच्या चिठ्ठीमागं कागदांची यादी लिहून घेतली.

फॉर्म त्याच संध्याकाळी भरला. सगळे कागद घरात होते, फक्त शाळा सोडल्याचा मूळ दाखला गावी भावाकडं होता. त्यानं दुसऱ्या दिवशी तो पुण्याच्या ट्रॅव्हल्सनं पाठवला. "देल्लं पाकीट ड्रायव्हरजवळ. तू नको घाबरू वं बाई," तो फोनवर म्हणाला. गाडी सकाळी आठला पुण्याच्या वेशीवर, मांजरीला येणार होती.

आठ वाजले, दहा वाजले. ड्रायव्हरचा फोन लागेना. अकराला भावाचा फोन आला, गाडी सोलापूरच्या पुढं बंद पडली आहे. शाळेचं कार्यालय पाचला बंद होणार. मी रस्त्याच्या कडेला उभी होते, उसाच्या ट्रॉल्या धुरळा उडवत जात होत्या, आणि मी येणारी प्रत्येक गाडी जणू डोळ्यांनी ओढत होते. नवस बोलून झाले, उपास बोलून झाले. शेवटी एक वाजायच्या सुमाराला माझ्यातलं सगळं मागणं संपलं. मी तिथंच एका दगडावर बसले आणि म्हटलं, "आई, मला जेवढं पळता आलं तेवढं पळाले. आता तू ने, नाहीतर परत पाठव. रागावणार नाही." तीन महिन्यांत पहिल्यांदाच माझा श्वास पोटापर्यंत गेला.

गाडी अडीचला आली. रिक्षा करून पोचले तेव्हा सव्वाचार झाले होते. खिडकीतल्या लिपिकांनी फॉर्म पाहिला. "वय पस्तिशीच्या वर. नाही घेता येत." मी म्हटलं, "मी नोंदणी असलेली एएनएम आहे. मला सूट आहे. कृपा करून एकदा नियम बघा." ते माहितीपुस्तिका घेऊन आत गेले. किती वेळ गेला सांगता येणार नाही. बाहेर येऊन ते कोरडेपणानं म्हणाले, "बसा. कागद काढा."

प्रवेशाची यादी लागली, तेव्हा तीत माझं नाव शेवटून दुसरं होतं.

पुढची तीन वर्षं सोपी नव्हती. अठरा वर्षांच्या मुली आधी मला काकू म्हणायच्या, नंतर माझ्याकडून शीर शोधायला शिकायला लागल्या. यजमानांनी जादा पाळ्या केल्या, मी वर्गाआधी घरोघरी इंजेक्शनं दिली. शरीररचनेची इंग्रजी नावं मी पोळ्या लाटताना मुलीनं माझ्याकडून पाठ करून घेतली. आज मी नोंदणीकृत नर्स म्हणून एका मोठ्या हॉस्पिटलात काम करते. पेढे घेऊन त्या बाईंच्या घरी गेले, तेव्हा त्यांनी मला ओळखलंच नाही. सगळं सांगितल्यावर म्हणाल्या, "असं का? मी बऱ्याच जणींना सांगते. ऐकतं कोण?"

त्या दिवशी दुसरी सिस्टर आली असती, तर तीन वाजता मी एजंटापुढं बसलेली असते. यात चमत्कार होता की नाही, मी वाद घालत नाही. एवढंच जाणते, की जिला मी आडवी आलीस म्हणून दोष दिला, तिनं मला खड्ड्यात पडू दिलं नव्हतं. मागणं अजूनही सुटलेलं नाही, माणूसच आहे मी. पण मागून झालं की शेवटी एवढं म्हणते: आई, वाट तू ठरव. चालते मी.