यंत्राचा प्रसाद

एक मूर्खपणा आधीच कबूल करते, म्हणजे पुढे लाजायला नको. मी एका यंत्राला ओवाळलं. कुंकू लावलं, घरामागच्या परड्यातला झेंडू वाहिला, हात जोडले आणि मनात म्हटलं, "बाबा, आमच्याकडे बघ." त्याने बघितलं. वर्षभरात निम्म्या बायका घरी बसवल्या.

खंडेनवमी होती. हातखंब्याच्या अलीकडे शेठचा काजूचा कारखाना. आम्ही बावीस बायका बिया फोडायचो, आमच्याच परड्यांतून शेठनी वजनावर उचललेल्या. बी पात्यात धरायची, पायाने दाबायचं, गर अख्खा काढायचा. टरफलाचा चीक बोटांना लागला की कातडी जळते. राख चोळायची आणि पुढची बी धरायची. मी चाळिशीची होते आणि स्वतःला फार शहाणी समजायचे. शेठ मला 'मावशी' म्हणायचे ना! तेवढ्यावर मी कारखान्याच्या घरातली झाले. काय ती ऐट! पूजेला बायकांतर्फे बोलायला मलाच उभं केलं. "शेठ आम्हाला बापासारखे," असं बोलले मी. तो बाप माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान.

मग शेठ बोलले. शेजारी पाहुणे म्हणून बँकेचे साहेब.

"हे नवं यंत्र माझं एकट्याचं नाही. कारखाना वाढला की सगळेच वाढणार. आपण एक कुटुंब आहोत."

टाळ्या पहिल्यांदा मी वाजवल्या.

यंत्रापुढे नैवेद्याला स्टीलचं ताट होतं, पांढऱ्याशुभ्र अख्ख्या काजूंचं. शेठ बँकेच्या साहेबांना घेऊन चहाला आत गेले. आता देवापुढचं ताट नुसतं पडून राहतं का कुठे? आमच्याकडे आरती झाली की घरातली बाई प्रसाद वाटते. मी घरातली बाई. उचललं ताट. प्रत्येकीला दोन-दोन. फातिमाभाभी माझ्या शेजारच्या पाटावर बसायची, खाडीकाठची. ती हात मागे घेत होती.

"शेठना विचारलंस काय गो?"

"अगो, सगळ्यांचंच हाय, आताच म्हणाले ना!"

कोणी खाल्लं नाही. जिच्या तिच्या घरी पोर होतं. सगळ्यांनी पदराला गाठ मारली. माझे दोन माझ्या लेकीसाठी.

त्या दिवशी दुपारीच सुट्टी. फाटकावर आमची रोज झडती व्हायची. पडद्यामागे एक बाई पदर झटकायला लावायची, कंबर चाचपायची. इतकी वर्षं मी ती देत होते, आणि तरीही घरातली! त्या दिवशी मात्र शेठ साहेबांना पोचवायला फाटकावरच उभे होते. झडतीवालीला जोर आला. पडदा नाही, काही नाही. सगळ्यांसमोर तिने माझी गाठ धरली.

"शेठ, माल!"

मी हसतच म्हटलं, "प्रसाद हाय तो. पूजेचा."

शेठ माझ्याशी बोललेच नाहीत. साहेबांकडे वळले.

"बघितलंत? ह्यांना जवळ केलं की हे असं."

मग माझ्याकडे.

"प्रसाद म्हणजे चिमूटभर साखर, बाई. हा एक्स्पोर्टचा माल आहे. सोडा सगळ्यांनी गाठी."

मावशीची बाई झाली. एका दमात.

सुपरवायझरने तेच ताट आणलं. माझ्या हातचं कुंकू अजून त्याच्या काठाला होतं. रांग लागली. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. पहिली मी. गाठ सुटेना. एक काजू ताटात टाकला. आणि शेठशी बोलता बोलता साहेबांनी हात पुढे केला, तोच काजू उचलला आणि तोंडात टाकला. ताटाकडे बघितलंही नाही.

"घ्या ना साहेब, अजून घ्या," शेठ म्हणाले.

साहेबांच्या काखेत काजूचा किलोचा डबा आधीच होता. रखवालदाराने त्यांना सलाम ठोकला.

माझ्या डोक्यात काहीतरी कडकन फुटलं. अख्खा गर बाहेर.

दुसरा काजू मी तोंडात टाकला.

"थुंक ते," शेठ ओरडले.

चावत राहिले. सावकाश. गिळला. मग आ केला.

"शेठ, झडती पुरी करा. जीभ वर करू?"

मागे फातिमाभाभीचा आवाज आला. बोलण्याचा नाही, चावण्याचा. मग आणखी एक. बावीसमधल्या नऊ जणींनी खाल्ला. बाकीच्यांनी ताटात टाकला. त्यांना दोष देत नाही. थोडा देते.

नऊ जणींना दुसऱ्या दिवसापासून फाटक बंद. आमचं फोडायचं काम यंत्राने घेतलं, आणि वर्षभरात आणखी दोघींचं. गावात चोर हे नाव वर्षभर पुरलं. लेकीला शाळेत पोरी 'काजूचोराची' म्हणायच्या.

परवा नातीला कॉलेजात वादविवादाचा विषय आला, भांडवलशाहीचा फायदा समाजातल्या सगळ्यांना होतो का. तिच्या वाट्याला 'होतो' ही बाजू. आजीकडे मुद्दे मागायला आली, बिचारी! मी म्हटलं, लिही. शेठमुळे रस्ता डांबरी झाला, त्यावरून आमची एसटीही जाते. शेठने गुहागरला समुद्रासमोर बंगला बांधला, तेव्हा गवंड्यांना काम मिळालं. सगळं खरं. फक्त शेवटी परीक्षकांनाच विचार, फाटकातून बाहेर पडताना झडती कोणाची होते?

पोरगी बाजू बदलून घ्यायला गेली.

पुढे मी आंब्याच्या पेट्या भरल्या, बागा झाडल्या. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच. इथे झडती आहे का? असेल तर आधी मालकाची. बरीच कामं त्या प्रश्नावर गेली. जाऊ देत. पदर पुन्हा कोणापुढे झटकला नाही, मरेपर्यंत झटकणार नाही. नातीलाही तेच शिकवलंय.

खंडेनवमीच्या त्या दुपारी आम्ही दोघी चालतच घराकडे निघालो. मी रडत होते. फातिमाभाभी दातात अडकलेला कण जिभेने काढत होती. कण निघाला. मग म्हणाली,

"रडतंस काय गो? चव काय वेगळी नाय. आपल्याच परड्यातल्या बीची हाय. इतकी वर्सं आपण उगाच तिला शेठचा काजू म्हणत होतो."